शेवाळाच्या तेलावर एक डाव

शेवाळ म्हटलं की लोकांना पाय घसरणं आठवतं. मला बाबांचं इंजीन आठवतं, आणि मी केलेली एक लबाडी. ती मी आजवर कोणाला सांगितली नाही, आईलासुद्धा नाही. आता लिहून काढते, कारण ज्यांना सांगायला हवी होती ते राहिले नाहीत आणि ती पोटात ठेवून जगणं मला जड जातंय.

बाबा यवतमाळकडच्या आर्णीत डिझेल इंजिनाचे मिस्त्री होते. विहिरीवर बसवायची ती जुनी एका सिलिंडरची इंजिनं, हँडल मारून चालू करायची, ज्यांचा आवाज पूर्वी चार शेतं ओलांडून यायचा. विजेचे पंप आले, मग सोलरचे आले, आणि इंजिनं भंगारात गेली. बाबांच्या दुकानात फवारणीचे पंप दुरुस्तीला यायला लागले. ते काम त्यांना आवडायचं नाही. "हे का मशीन आहे? खेळनं आहे," म्हणत करायचे. पण दुकानामागे सिमेंटच्या चौथऱ्यावर एक इंजीन त्यांनी बोल्टांनी आवळून ठेवलं होतं. ते कोणाचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. रविवारी विहारातून वंदना करून आले की ते इंजीन अर्धा तास चालवायचे, नुसतंच. आई म्हणायची, "बाप्पा! लोकं दारात गाय बांधते, यायनं इंजीन बांधलं."

इंजीन थंड राहावं म्हणून शेजारी पाण्याचं टाकं होतं. त्यातलं पाणी बारा महिने हिरवंगार. मी इथल्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. एका रविवारी मी त्या पाण्याची बाटली भरून नेली आणि सोमवारी मुलांना दाखवायला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गोल, बारीक, हिरव्या पेशी, एकेक सुटी. अरुणावती नदीच्या डबक्यांवर उन्हाळ्यात जे लांब तारांचं शेवाळ धरतं ते वेगळं, त्यात तेल नसल्यातच जमा. हे दुसरं. याला आधी पोटभर खत द्यायचं आणि मग एकदम तोडायचं, की ते घाबरून अंगात तेल साठवतं. पुस्तकात वाचलेलं होतं. पण बाबांच्या टाक्यात ते आपसूक राहत होतं, हे बघून मला हसूच आलं.

जेवताना सांगितलं. "बाबा, तुमच्या टाक्यातल्या शेवाळात तेल असते. काढलं तं तुमचं इंजीन चालन त्याच्यावर."

बाबांनी घास खाली ठेवला. "आधी मोगली एरंड होता. बांधाबांधावर लावा म्हने, डिझल निघते म्हने. लावला लोकायनं. डिझल कोनं पाह्यलं? बकरी तोंड लावत नाही त्याले. आता शेवाय का?"

मी म्हटलं, जमिनीतून निघतं ते डिझेल तरी काय आहे? कोण जाणे किती जुन्या समुद्रातलं शेवाळच ते, गाळाखाली दबून दबून काळं झालेलं. आणि ताजं शेवाळ वाढताना हवेतून जे घेतं तेच जळताना परत देतं, वर जास्तीचं काही नाही. बाबांनी ठेवलेला घास उचलला. मग म्हणाले, "म्हंजे हेबी शेवाय न तेबी शेवाय. मधातला टाइम तेवढा वाचवून राह्यली तू."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर गच्चीवर दोन प्लास्टिकच्या टाक्या, वरून कापून, कडा घासून ठेवलेल्या. बाबा म्हणाले, "लाव तुयी शेवाय." असे होते बाबा. आधी खिल्ली उडवतील आणि मग तुमच्याही पुढे धावतील.

दोन वर्षं मी ते केलं. हे सोपं नाही, आणि पेपरात वाचून "वा, काय शोध आहे" म्हणणाऱ्यांवर मला राग येतो तो यामुळे. यवतमाळच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी चहासारखं तापतं आणि शेवाळ एका दुपारीत मरतं. पावसाळ्यात डासांच्या अळ्या ते खाऊन टाकतात. मी युरिया टाकायची तर शेजारीण जिन्याखालून ओरडायची, "काय वं ताई, आमच्या कपाशीले युरिया भेटून नाही राह्यला, न तू शेवायीले चारून राह्यली!" आणि इतकं करून, पांढऱ्या धोतराच्या कापडातून गाळून, वाळवून, कुटून, कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेल काढलं की एका टाकीमागे अर्धी वाटी. चांगली गेली तर. त्यावर पुन्हा प्रक्रिया करायची, खाली साबणासारखा गाळ बसतो तो काढायचा, मग उरतं ते इंजिनात घालण्याजोगं. इंजीन नीट तपासून बघायला बाबांना निदान एक लिटर हवं होतं. "वाटीभर तेलानं काय समजते? थंडं इंजीन खोटं बोलते, गरम झालं का खरं बोलते," असं त्यांचं म्हणणं.

खऱ्या-खोट्याचं बाबांना भारी वेड. कोणी डिझेलमध्ये रॉकेल मिसळून इंजिनात घातलं असलं की ते टाकीत बोट बुडवून जिभेला लावायचे आणि लगेच ओळखायचे. मग त्या माणसाची काही खैर नसे. "इंजीन बोलत नाही म्हून त्याले काहीबी पाजतं का बे?" म्हणून ते हत्यारं पिशवीत भरून उठून यायचे. त्या वेळी ते समोरच्याकडे ज्या नजरेनं बघायचे ती नजर मी लहानपणापासून ओळखत होते. माझ्यावर ती कधी पडली नव्हती.

मग बाबांचं तोंड आलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा. आमच्या भागात हे एवढं सांगितलं की पुढचं लोकांना कळतं. गालाचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक दिले, बाबा निम्मे होऊन घरी आले. शेकांनी त्यांची चव नेली. आई वरणात मीठ टाकायला विसरली तरी ते मुकाट्यानं जेवायचे, आणि ते बघून आई मोरीत जाऊन रडायची. काही महिन्यांनी पुन्हा गाठ दिसली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा, खाऊ-पिऊ घाला.

बाबांनी डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं नाही. घरी आल्यावर मला म्हणाले, "माय, एक डाव चालवून पाहू ना आता. कितीक झालं तेल?"

"होत आलं बाबा."

होत काही आलं नव्हतं. मे महिना होता. वावटळीनं गच्चीवरची हिरवी जाळी फाडून नेली, तीन दिवस मी दवाखान्यातच होते, आणि परत आले तेव्हा टाक्यांमधलं पाणी पिवळट होऊन सडलं होतं. बाटलीत जमलेलं तेल पाव लिटरही नव्हतं. नव्यानं सुरुवात केली तर दिवाळी उजाडली असती. बाबांना दिवाळी नव्हती. आणि ते रोज विचारत. सकाळी चहा घेताना, दुपारी कॉलेजातून आले की, "कितीक झालं?" एवढंच. चिडून नाही, लहान पोर जत्रेला कधी जायचं म्हणून विचारतं तसं. मला ते सहन होईना.

एका शनिवारी मी गाडीची टाकी भरायला पंपावर गेले आणि सोबत कॅन नेला. एक लिटर डिझेल आणलं. कॉलेजात उरलेल्या वाळल्या शेवाळाचा हिरवा रंग काढून त्यात मिसळला. माझं खरं तेल चार चमचे त्यात टाकलं, म्हणजे अगदीच खोटं नाही अशी मनाची समजूत घालायला. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो, काही विचारू नका.

रविवारी बाबा बनियान बदलून, दाढी करून इंजिनापाशी गेले. मिस्त्री लोकांत पद्धत आहे, इंजीन उघडून नव्यानं बसवलं की पहिलं तेल मालकानं आपल्या हातानं घालायचं. बाबा म्हणाले, "तेल तुयं. तूच टाक." मी झाकण उघडलं. सवयीनं त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि तसेच उभे राहिले.

"मले नाही समजत आता चव," ते म्हणाले. "तू सांग. बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "बरोबर आहे बाबा. शेवाळाचंच आहे."

हँडल मारायला मी हात लावला, चौथ्या फेरीला इंजीन लागलं. बाबांनी पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, इंजिनावर टेकवला, दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावलं आणि डोळे मिटले. आवाज ऐकायची ही त्यांची जुनी रीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. दुकानासमोरून जाणाऱ्या दोघातिघांना त्यांनी आत बोलावलं. "पाहा बे, शेवायीवर चालून राह्यलं! माया पोरीनं काढलं तेल!" मला त्या क्षणी वाटलं, केलं ते बरंच केलं. खरंच वाटलं. मी ते नाकारत नाही.

इथेच संपलं असतं तर मी आज हे लिहिलं नसतं. पण पंधरावीस मिनिटांनी बाबांच्या कपाळाला आठी पडली. "जड चालून राह्यलं थोडं. ऐक." मला काही ऐकू आलं नाही. इंजीन चार महिने बंद होतं, कुठे काजळी धरली असेल. पण बाबांच्या मनात वेगळंच आलं. "नवीन तेल आहे. अंगानं जड असन, उशिरा पेटत असन. मंग त्याले थोडं आधी सोडा लागीन. सेटिंग बदलतो."

"राहू द्या ना बाबा. चाललं तं खरं."

"राहू कायले द्याचं?" ते एकदम ताठ झाले. "चालनं वेगळं, बरोबर चालनं वेगळं. उद्या लोकं हे तेल वापरतीन, तवा विचारतीन का इंजीन कसं बसवाचं? हे सेटिंग कोनाजवयच नाही आज. तेल तू काढलं, सेटिंग मी देतो. मंग झालं माह्यं."

मला सांगता आलं असतं. बाबा, हे पंपावरचं आहे. चार शब्दांचं काम. पण कित्येक महिन्यांनी त्यांना काहीतरी करायचं होतं, आणि ती नजर, रॉकेलवाल्यांकडे बघायची ती, माझ्यावर पडावी ही हिंमत मला झाली नाही.

आठ दिवस लागले त्यांना. पूर्वी हे काम त्यांनी दुपारच्या जेवणाआधी उरकलं असतं. पंपाखाली कागदासारख्या पातळ पत्र्या असतात, त्या कमी-जास्त केल्या की तेल सिलिंडरमध्ये आधी किंवा उशिरा जातं. त्या पत्र्या त्यांच्या बोटांतून खाली पडायच्या आणि आम्ही दोघं मातीत हात फिरवून शोधायचो. ते दहा मिनिटं काम करायचे आणि अर्धा तास गोणपाटावर पडायचे. आई मला म्हणायची, "तू सांग ना यायले, तुयं ऐकते. काहून जीव काढून राह्यले त्या लोखंडासाठी?" मी मातीतल्या पत्र्या शोधत राहायची. आणि मधेच बाबा म्हणाले, "तेल पुरनार नाही. आनखी लागीन."

पहिल्यांदा माझ्या हातून झालं, असं मी म्हणू शकते. दुसऱ्यांदा मी ठरवून पंपावर गेले.

दुसऱ्या रविवारी हँडल मारलं तर इंजिनानं उलटा झटका दिला. हँडल माझ्या हातातून सुटलं, थोडक्यात मनगट वाचलं. पुन्हा मारलं. लागलं, पण हातोडीनं ठोकावं तशी आतून ठकठक. काळा धूर. बाबांनी पेचकस कानाला लावला आणि लगेच काढला. बंद करायला लावलं. एक पत्री बदलली, पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. ते खोक्यावर बसले आणि आपला उजवा हात पालथा-उताणा करून बघत राहिले.

"हात गेला माया," ते म्हणाले.

"तेलाचाच दोष असन बाबा," मी म्हटलं. इतकं जवळ गेले मी खऱ्याच्या, आणि तिथेच थांबले.

"नाही, तेल बरोबर आहे तुयं. आठ दिवसांपह्यले याच तेलावर चाललं ना? मी हात लावला न बिघडलं."

त्यांचा हिशेब चोख होता. चाळीस वर्षं ज्या डोक्यानं त्यांनी इंजिनाचे आजार ओळखले त्याच डोक्यानं त्यांनी हा आजार शोधला होता, आणि मी एक खोटी गोष्ट त्यांच्या हातात दिली होती म्हणून तो चुकीच्या जागी सापडला होता. त्यांच्या स्वतःच्या हातात. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मग त्यांनीच फोन करून महागावच्या मिस्त्रीला बोलावलं. तो कधीकाळी बाबांच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःचं गॅरेज असलेला, दाढी पिकलेला माणूस. बाबांना उस्ताद म्हणायचा. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी आपलं इंजीन दुसऱ्याच्या स्वाधीन केलं. तो आला, टाकीचं झाकण उघडलं, सवयीनं बोट बुडवून जिभेला लावलं. आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

तो बाबांना काही बोलला नाही. काढलेल्या पत्र्या जशाच्या तशा परत बसवल्या, काजळी साफ केली, पाऊण तासात इंजीन असं चालायला लागलं की बाजूला उभ्या आईनंही "आता कसं!" म्हटलं. बाबा म्हणाले, "वा रे पठ्ठ्या. पाह्य, याले म्हन्ते हात." मग हत्यारांची पिशवी त्याच्यापुढे सरकवली. "घेऊन जा. मले काम नाही आता याचं." तो नको नको म्हणत होता, पण उस्तादांनी दिलेलं परत कसं करायचं? पाने, पेचकस, सगळं त्यानं डिक्कीत ठेवलं.

गाडीला किक मारायच्या आधी तो मला हळूच म्हणाला, "बाजी, वो तो डिझल है." मला तो पहिल्यापासून बाजी म्हणायचा, म्हणजे ताई. "उस्ताद का हाथ एकदम बराबर था. हलक्या तेलाला जड तेलाचं सेटिंग दिलं तर ठोकणारच ना. सांगून टाका त्यांना. तेलासाठी नाही रडत ते, हातासाठी रडून राह्यले."

"सांगते भाऊ," मी म्हटलं.

त्याला शब्द दिला आणि रोज उद्यावर ढकलला. आज ताप आहे, आज जरा हसले आहेत, आज पाहुणे आहेत. बाबांनी पुन्हा त्या इंजिनाकडे बघितलं नाही. फवारणीचा पंप कोणी आणला तरी, "दुसरीकडे ने बाबू, माया हात चालत नाही," म्हणून ते वापस पाठवायचे. खाटेवर पडल्या पडल्या ते उजव्या हाताची बोटं उघडमीट करायचे. आई समजायची दुखतंय, आणि तेल लावून चोळायची.

शेवटचे चार दिवस यवतमाळच्या दवाखान्यात गेले. दुपारची वेळ होती, आई खाली डबा घ्यायला गेली होती. बाबा शुद्धीवर होते. जीभ जड झालेली, शब्द एकेक करून येत होते.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "सेटिंग माह्यंच चुकलं ना?"

मला कळलं की ही शेवटची संधी आहे. सगळे शब्द तोंडाशी आले होते. तुमचं सेटिंग बरोबर होतं बाबा, तुमचा हात बरोबर होता, मी खोटं पाजलं तुमच्या इंजिनाला. ते माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, हे मी आता सांगितलं तर जाताना त्यांच्या डोळ्यांत ती नजर असेल आणि मला ती जन्मभर पुरेल. मी स्वतःचा विचार केला. त्यांचा नाही केला.

"हो बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "बरं केलं, खरं सांगतलं," ते म्हणाले. "आजारी मानसाशी सगळे खोटंच बोलते." मग त्यांनी पाणी मागितलं, आणि मी चमच्यानं थोडं थोडं पाजलं.